गजराक्काचे उपास

"आक्का, बोट ठेवा."

गजराक्कांनी तक्त्याकडे न बघताच पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. तक्त्यावर सहा चेहरे होते. डावीकडचा पहिला हसरा, त्याच्याखाली शून्य. उजवीकडचा शेवटचा ढसाढसा रडणारा, त्याच्याखाली दहा. मधले चौघे एकापेक्षा एक तोंड पाडून बसलेले.

"नीट बघून ठेवा की."

"बगायचं काय त्यात? ह्योच. हसतोय त्यो."

"कंबर, गुडघे, कुठं काहीच दुखत नाही?"

"न्हाय बाई. झ्याक हाय."

मी रजिस्टरमध्ये गजराबाई खोत या नावापुढे शून्य लिहिलं. "मग आज पंगतीत येणार ना जेवायला? का आजही उपास?"

"आज मंगळवार. गणपतीचा."

"कालही होता की."

"काल म्हादेवाचा व्हता. आज त्याच्या पोराचा. बापाचा केला आन् पोराचा न्हाय केला तर पोरगं रुसतंय."

मला हसू आलं. श्रावण चालू होता, आणि श्रावणात म्हाताऱ्या माणसांच्या उपासाला कोण नावं ठेवणार? आमच्या वृद्धाश्रमात उपासवाल्यांचं ताट कॉटवर यायचं. भगर, शेंगदाण्याची आमटी, एखादं केळं. बाकी सगळ्यांना मोठ्या खोलीत खाली मांडी घालून, पंगतीत बसून जेवावं लागे. व्यवस्थापक शेवाळे सरांचा तो दंडकच होता. निवृत्त मुख्याध्यापक माणूस. टेबलखुर्चीवर जेवतात ते हॉटेलात, असं ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे.

शेजारच्याच कॉटवर पुतळाबाई होत्या. गजराक्कांची सवत. कॉट इतक्या जवळ की मधून मांजरसुद्धा जाऊ नये. अर्धांगाच्या झटक्यात पुतळाबाईंची वाचा गेली होती, आणि भानही बरंचसं गेलं होतं. नवरा वारल्यावर पुतण्यानं जमीन ठेवून घेतली आणि दोघींना आमच्या दारात आणून सोडलं. पुतळाबाई जेवायच्या त्या फक्त गजराक्कांच्या हातून. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की थुंकायच्या. माझ्या पांढऱ्या एप्रनवर दोनदा थुंकून झालं होतं.

"आ कर, भवाने," गजराक्का आपल्या कॉटच्या कडेवरूनच हात लांब करून तिला मऊ भात भरवत होत्या. "चाळीस वर्सं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्यास, तवा दमली न्हाईस. आता भाताला दमलीस व्हय?"

पुतळाबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्याही नावापुढे शून्य लिहिलं. त्यांना बोटच ठेवता येत नव्हतं, म्हणून पहिल्या आठवड्यात मी "सांगता येत नाही" असं लिहिलं होतं. शेवाळे सरांनी ते लाल पेनानं खोडलं. "सिस्टर, रकान्यात आकडा पाहिजे. निबंध नको." तेव्हापासून त्यांना रोज शून्य.

माझं वय तेव्हा सव्वीस. वाघजाईवाडीच्या त्या आश्रमात बावीस म्हातारी माणसं आणि मी एकटी नर्स. डॉक्टर यायचे फक्त गुरुवारी, तेही तासाभरासाठी. चार महिन्यांपूर्वी जिल्ह्याला एक प्रशिक्षण झालं. म्हाताऱ्या माणसांचं दुखणं कसं ओळखावं, कसं मोजावं, कसं लिहून ठेवावं. तो चेहऱ्यांचा तक्ता मी तिथून आणला आणि अशी काही मिरवले की जणू मीच शोधून काढलाय. नाकावर राग होता माझ्या, आणि अंगात थोडी आगही. आजवर इथं कुणी विचारलंच नाही यांना, आता मी विचारणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या आठवड्यात आकडे आले ते बघून मी हबकले. सहा, आठ, सहा, दहा. माणसं अक्षरशः चेहऱ्यांवर तुटून पडली. पण तीन महिन्यांत आकडे उतरत गेले आणि श्रावण लागेपर्यंत सगळं रजिस्टर शून्यांनी भरलं. मला वाटलं, माझ्या गोळ्या, माझं तेल, माझी मालिश. शेवाळे सरांना वाटलं, त्यांची शिस्त. दोघंही खूश होतो. सरांनी संस्थेच्या अध्यक्षांना कळवलं, अध्यक्षांनी जिल्ह्याला कळवलं, आणि येत्या रविवारी कार्यक्रम ठरला. जिल्ह्याच्या अधिकारी बाई येणार आणि एका मोठ्या फलकाचं अनावरण करणार. फलक तयार होऊन आलाही होता. जाड प्लायवूडचा, माणसाहून लांब, निळ्यावर पिवळी अक्षरं: वेदनामुक्त वृद्धाश्रम.

बुधवारी हौसाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती आश्रमातली आया. म्हाताऱ्यांच्या आंघोळी, धुणं, हागणं-मुतणं सगळं तिच्याकडे. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं.

"शिस्टर, एक सांगायचं व्हतं. गजराक्काचं काय तरी बिनसलंय."

"काय बिनसलंय?"

"गेल्या शुक्रवारपास्नं ती खाली बसली न्हाय. आंघूळ बी मला घालू देत न्हाय. दार लावून हुभ्यानंच दोन तांबे वतून घेती. आन् ह्ये उपास."

"श्रावण आहे, हौसाबाई."

"आवं, वार सात आन् आक्काचे उपास आठ! आज बुधवार. आज कुणाचा, म्हनून इचारलं, तर म्हनती पांडुरंगाचा. गेल्या बुधवारी वांग्याचं भरीत दोनदा मागून खाल्लं तिनं. तवा पांडुरंग कुटं गेल्ता?"

मला राग आला. आत्ता लिहितानाही माझे कान गरम होतात, पण तेव्हा आला तो राग हौसाबाईचा होता. मी रजिस्टर उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तरी धरलं.

"हे बघा. शनिवार शून्य, रविवार शून्य, सोमवार, मंगळवार, बुधवार शून्य. मी रोज स्वतः विचारते. त्या स्वतः बोट ठेवतात. दुखत असतं तर सांगितलं नसतं का? त्यांना दुखतंय ते तुम्हाला जास्त कळतं का त्यांना?"

"बोट ठिवतात ते बराबर हाय. पर तुमी तिला हुटताना बगा की एकदा. खालचा ओट दातात धरती."

"मी प्रशिक्षण घेऊन आलेय, हौसाबाई. तुम्ही तुमचं काम करा, मला माझं करू द्या."

तिनं पदर खोचला आणि बादली उचलून निघून गेली. मला बरं वाटलं. एखाद्याची जागा दाखवून दिल्यावर जे हलकट बरं वाटतं ना, तसं.

गुरुवारी डॉक्टर आले. त्यांनी रजिस्टर चाळलं, "वा वा" म्हणाले, चहा घेतला आणि गेले. गजराक्कांना त्यांनी बघितलंच नाही, कारण शून्यवाल्यांना बघायचं नसे. त्या दिवशी दत्ताचा उपास होता, शुक्रवारी जिवतीचा, शनिवारी मारुतीचा.

रविवारी सकाळपासून मांडववाले आले होते. अंगणात कनात लागली, फलक भिंतीला टेकवून त्यावर गुलाबी कापड घातलं गेलं. मोठ्या खोलीत सतरंज्यांच्या पट्ट्या घातल्या, ताटांभोवती रांगोळी काढली. जिलबी, मसालेभात, बटाट्याची भाजी. पाहुणे आधी आजीआजोबांबरोबर पंगतीला बसणार आणि मग फलकाचं अनावरण, असा बेत होता.

अकरा वाजता शेवाळे सर हातात यादी घेऊन खोलीत आले. "गजराबाई, आज तुम्ही पंगतीत पहिल्या. तुमच्या शेजारी पुतळाबाई. बाईसाहेबांसमोर तुम्ही सवतीला घास भरवायचा. वर्तमानपत्रवाले येणार आहेत. असं प्रेम आजकाल सख्ख्या बहिणींतही सापडत नाही."

"आज आयतवार, सर," गजराक्का म्हणाल्या. "आदित्यराणूबाईचा उपास हाय माजा."

"प्रसादाला उपास नसतो. मी गुरुजींना विचारून घेतलंय."

"मग म्या हुभ्यानंच भरवते की तिला. न्हायतर एक खुर्ची द्या."

"पंगतीत खुर्ची?" सर माझ्याकडे बघून हसले. "सिस्टर, समजवा जरा यांना."

आणि मी समजावलं. पाहुण्यांच्या गाड्या आवारात शिरत होत्या, माझा एप्रन कडक इस्त्रीचा होता, आणि माझ्या बगलेत ते शून्यांचं रजिस्टर होतं. बाईसाहेबांना मीच दाखवणार होते. पुतळाबाईंना हौसाबाईनं उचलून आणलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. गजराक्का दाराची चौकट धरत, भिंत धरत आल्या आणि ताटापाशी उभ्या राहिल्या.

"बसा, आक्का."

"शिस्टर, ऱ्हाऊ दे की."

"अहो, सगळे बसलेत. तुमचा आकडा शून्य आहे. काही होत नाही, बसा." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. जोरात नाही. लहान मुलाला बसवताना दाबतो तितकाच.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. आता तू ऐकणार नाहीस हे मला कळलं, इतकंच होतं. मग त्या बसायला लागल्या. वाळकी काटकी पायाखाली यावी तसा बारीक आवाज झाला. तो मी ऐकला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हौसाबाईनंही ऐकला, कारण तिनं तोंडावर पदर धरला.

गजराक्का ओरडल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला, खालचा ओठ दातांत गेला. त्यांनी भाताचा घास केला आणि पुतळाबाईंच्या तोंडात घातला. फोटोवाल्यानं फोटो काढला. बाईसाहेब म्हणाल्या, "किती छान!" गजराक्कांनी दुसरा घास उचलला. तो अर्ध्या वाटेवर असतानाच त्या कलंडल्या आणि पुतळाबाईंच्या मांडीवर पडल्या. भात रांगोळीवर सांडला.

पुतळाबाई तोंड उघडून तशाच बसून होत्या. घासाची वाट बघत.

मी खाली बसले आणि लुगडं वर केलं. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड झालेला आणि पाऊल बाहेर वळलेलं. खुब्यावर पिवळट पडत चाललेला भलामोठा काळानिळा डाग. आठदहा दिवसांपूर्वीचा. हे मला कळायला रजिस्टर लागलं नाही.

तोंडावर पाणी मारल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"कधी पडलात, आक्का?"

"मागल्या शुक्रवारी. मोरीत."

"आणि आज रविवार! नऊ दिवस? अहो, मी रोज विचारत होते. रोज! का सांगितलं नाहीत?" माझा आवाज चढला होता. मला खरोखर त्यांचाच राग आला होता. माझं रजिस्टर त्यांनी खोटं पाडलं म्हणून.

"सांगितलं आसतं तर मागच्या खोलीत टाकलं आसतं मला."

"टाकलं कशाला असतं? तिथं सोय आहे..."

"सोय हाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तात्या कुंभाराची बी झाली सोय. अंजीराबाईची बी. म्या गेली आसती तिकडं, माजं काय न्हाय. पर हिला कोन भरवनार? ही तुमच्या हातचं खाती व्हय? चार दिवसांत मेली आसती उपाशी." त्यांनी श्वास घेतला. "समद्यास्नी ठावं हाय, शिस्टर. हसऱ्यावर बोट ठिवायचं. न्हायतर मागची खोली. नेमच हाय न्हवं त्यो? तुमचाच."

पंगतीतल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. बाजीराव अण्णा, ज्यांचे सांधे पावसाळ्यात लाकडासारखे व्हायचे. शून्य. द्वारकाबाई, ज्यांना पाठीवर झोपता येत नव्हतं. शून्य. सगळे आपापल्या ताटाकडे बघत बसलेले.

नेम माझाच होता. पहिल्या आठवड्यातले ते आकडे बघून मीच बसून तो कागद लिहिला होता. चारच्या वर आकडा गेलेल्यांना मागच्या खोलीत हलवावं. ती माझ्या औषधाच्या कपाटाशेजारी होती, म्हणजे दुखणाऱ्यांकडे माझं जास्त लक्ष राहील. खाली माझी सही. शेवाळे सरांनी तो प्रार्थनेनंतर मोठ्यानं वाचून दाखवला आणि मी त्यांच्या शेजारी उभी होते. पहिल्याच महिन्यात तिघांना तिकडं हलवलं. त्यातले दोघे गेले. ते त्यांच्या आजारानं गेले असते कुठंही, पण गेले त्या खोलीतून, आपल्या माणसांपासून तोडून. जो खरं बोलेल त्याला उचलून न्यायचं, असा नेम मी केला आणि मग सगळे बरे झाले म्हणून मिरवत बसले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते दुसरं काय?

"सिस्टर," शेवाळे सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाहुणे आहेत. तमाशा नको. आधी यांना मागच्या खोलीत न्या."

मी उठून उभी राहिले. 

"मागच्या खोलीत?" मी म्हणाले. हळू बोलायचं ठरवलं होतं, पण सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. "खुब्याचं हाड मोडलंय, सर! नऊ दिवसांपूर्वी मोडलं आणि आज मी खांद्यावर हात ठेवून उरलंसुरलं मोडलं. या म्हातारीनं मोडक्या पायानं रोज दोन वेळा सवतीला भरवलं. आणि आपण काय केलं? फलक केला!"

"आवाज खाली, सिस्टर."

"नाही होणार खाली. बाईसाहेब, हे रजिस्टर बघायला आलात ना? बघा." मी ते त्यांच्या ताटाशेजारी आपटलं. "चार महिने मी रोज बावीस माणसांना विचारलं. पहिला आठवडा सोडला तर या पानांत एक आकडा खरा असेल तर माझं नाव बदला. अक्षर माझंच आहे, नेमही माझाच आहे. सरांना फक्त तो आवडला."

बाईसाहेब उठल्या. त्यांनी आधी गजराक्कांच्या पायाकडे बघितलं आणि मग अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणाले, "दुर्दैवी प्रकार आहे. पण जिलबी गार होतेय, आपण बाहेर मांडवात बसू या का?" आणि खरंच, चारपाच पाहुणे ताटं घेऊन मांडवात गेले. मला त्या अध्यक्षांचं नाव आता आठवत नाही. जिलबी आठवते.

अँब्युलन्सला फोन लावला, तर दोन तास लागतील म्हणाले. आश्रमात स्ट्रेचर नव्हता. त्याचा अर्ज संस्थेकडे दीड वर्षापासून पडून होता. हौसाबाईनं माझ्याकडे बघितलं आणि मग अंगणाकडे. तिथं मांडववाल्यांचा पिकअप उभा होता आणि भिंतीला गुलाबी कापडाखाली फलक.

"त्यो लांब हाय," ती म्हणाली. "आन् जाड बी."

मीच जाऊन कापड ओढलं. झालं अनावरण. मांडववाल्या दोघांनी फलक उचलून आत आणला, त्यावर आम्ही गोधडी घातली. त्याच गुलाबी कापडानं मी गजराक्कांचे दोन्ही पाय एकत्र बांधले आणि चौघांनी धरून त्यांना अलगद त्यावर सरकवलं.

"अहो, तो फलक!" शेवाळे सर म्हणाले. "रंग जाईल त्याचा!"

"जाऊ दे, सर. पहिल्यांदाच कामाला येतोय."

पिकअपमध्ये फलक ठेवताना गजराक्कांनी माझं मनगट पकडलं. "हिला बी घ्या."

"आक्का, तुम्हाला दवाखान्यात..."

"हिला घेतल्याबिगर म्या हलत न्हाय. हुतरवा मला खाली."

सर आडवे आले. "पुतळाबाईंना कुठं नेताय? पेशंटबरोबर एक नातेवाईक चालतो. ही बाई स्वतःच पेशंट आहे. नियमात बसत नाही."

"सवत आहे ती त्यांची. याहून जवळचं कुणी तुमच्याकडे असेल तर आणा, त्याला नेते." मी हौसाबाईला खूण केली. तिनं पुतळाबाईंना पोत्यासारखं खांद्यावर घेतलं आणि पिकअपमध्ये गजराक्कांच्या डोक्याशी नेऊन बसवलं. वर ती स्वतःही चढली. सरांना विचारलं नाही तिनं. निघाल्यावर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरला शिव्या घातल्या आणि गजराक्का प्रत्येक खड्ड्याला म्हणत राहिल्या, "झ्याक हाय, झ्याक हाय." सवयीनं.

वाटेत मी हौसाबाईला म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतंत."

"व्हय," ती म्हणाली. तिनं मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं.

संस्थेनं मला महिन्याभरात काढून टाकलं. त्याला आता बारा वर्षं झाली. मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका आश्रमात आहे. हौसाबाईही माझ्याबरोबर आहे. तक्ता आजही वापरते मी, वाईट नाही तो. पण आधी पंगतीत जाऊन उभी राहते. कोण बसताना कशाला धरतं, कुणी कूस बदलणं सोडलंय, कुणी वेणी घालणं सोडलंय, कुणाचे उपास वाढलेत ते बघते. मग हौसाबाईला विचारते. तक्ता त्यानंतर. आणि आकडा कितीही आला तरी कुणाची कॉट हलत नाही. ज्याला जास्त दुखतं त्याच्याकडे मी जाते. कपाटाला चाकं लावून घेतलीत, त्याला काय मोठी अक्कल लागते? पण ती मला तेव्हा नव्हती, आणि त्याचा राग बारा वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही. कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

त्या दिवशी दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. फलकासकटच आम्ही गजराक्कांना आत नेलं. लोक अक्षरं वाचत होते आणि बाजूला होत होते. तपासायला आलेला डॉक्टर कोवळा, नुकताच शिकून आलेला दिसत होता. स्वभावानं चांगला. खाली वाकून त्यानं विचारलं, "आजी, किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही इतकं. मला एक आकडा सांगा."

गजराक्कांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग शेजारच्या बाकड्यावर हौसाबाईला टेकून बसलेल्या पुतळाबाईंकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"आदी सांगा, शिस्टर," त्या म्हणाल्या. "आकडा सांगितल्यावर हिला कुटं न्हेनार?"

डॉक्टरला काही कळलं नाही. मी आक्कांचा हात धरला.

"कुठंही नाही, आक्का. ती इथंच, तुमच्या शेजारी. मी शब्द देते."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी खालचा ओठ दातांतून सोडला. नऊ दिवसांनी.

"मग लिवा," त्या म्हणाल्या. "धा." आणि सगळा दवाखाना वळून बघेल इतक्या मोठ्यानं त्या रडायला लागल्या.